रिलीव्हर येईपर्यंत

जानराव खोब्रागडेचे हात इतके लांब होते की ताठ उभं राहूनही त्याला गुडघा खाजवता यायचा. भंडाऱ्याकडच्या त्याच्या गावात या हातांचं कोणाला कौतुक नव्हतं. चिंचा पाडायला बरा, एवढंच म्हणायचे. एकोणसाठ साली तो भिलाईला आला. प्लांट अजून उभा होत होता, तिथं खलाशी म्हणून, म्हणजे ओझी उचलणारा मजूर म्हणून, लागला. पहिल्याच हिवाळ्यात, संध्याकाळी बॉल खेळणाऱ्या रशियन साहेबांपैकी एकानं त्याला बाहेर आलेला बॉल एका हातानं झेलताना पाहिलं. साहेबानं त्याचं मनगट धरलं, दोन बांबूंच्या मधे नेऊन उभं केलं आणि आपल्या भाषेत काहीतरी बजावलं. जानरावला शब्द एकही कळला नाही. अर्थ कळला. इथून हलायचं नाही.

तो हलला नाही. रशियन साहेब आपल्या देशी गेले, बांबूंच्या जागी लोखंडी पाइप आले, मैदानाच्या चारी बाजूंनी सेक्टरचे क्वार्टर उभे राहिले, पण गोलात जानरावच. प्लांटातही त्याच्या हातांची सोय लागली. रेल मिलमध्ये उंच छताखाली जी क्रेन चालते तिच्या केबिनमध्ये तो बसायचा. डावीकडं मुठी, उजवीकडं मुठी, आणि खाली पाताळात मुंग्यांएवढी माणसं. तिथंही नियम रशियन साहेबाचाच होता, फक्त जरा सविस्तर. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. भोंगा वाजो, शिफ्ट संपो, घरी व्याही येऊन बसो, पोटात कळ येवो. तुझ्या खुर्चीवर बसणारा माणूस शिडी चढून वर आला, 'चल भाऊ, उतर' म्हणाला, की मगच उतरायचं. खाली तापून लाल झालेलं लोखंड रोलरवरून धावत असतं. त्याला कोणाची सुट्टी कळत नाही.

जानरावचा रिलीव्हर होता केवलराम साहू. दुर्गच्याही पलीकडून, रसमड्याकडच्या एका गावातून तो सायकल हाणत यायचा. माणूस सोन्यासारखा, पण वेळेच्या बाबतीत आषाढातल्या नाल्यासारखा. येईल तेव्हा येईल. कधी साखळी तुटली, कधी गाय व्याली, कधी मामाचा मुलगा भेटला. "का करबो भइया," असं म्हणून तो इतकं गोड हसायचा की शिव्या जिभेवरच विरघळायच्या.

एका वर्षी प्लांटातल्या शॉप-शॉपच्या, म्हणजे खात्याखात्यांच्या, स्पर्धेत रेल मिल फायनलला गेली. मॅच दुपारची. जानराव सकाळच्या शिफ्टला होता, भोंगा झाला की उतरायचं आणि थेट मैदान. बूट त्यानं केबिनमध्येच आणून ठेवले होते. भोंगा झाला. केवलराम आला नाही. वरून जानरावला शेडच्या दारातला उन्हाचा चौकोन दिसायचा. तो चौकोन सरकत सरकत भिंतीवर चढला, तरी केवलराम आला नाही. गोलात एक बुटका फिटर उभा राहिला आणि त्यानं धडाधड गोल खाल्ले.

त्या टीमचा सेंटर हाफ तपन घोषाल. हाच घोषाल खाली क्रेनच्या हुकात साखळ्या अडकवायचा. वर जानराव, खाली घोषाल, आणि मधे आवाजाचा डोंगर; म्हणून दोघांचं सगळं बोलणं हाताच्या खुणांनी चालायचं. अंगठा वर, उचल. तळवा आडवा, थांब. बोलायला मिळायचं ते कँटीनमध्ये, आणि तिथं घोषालची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

"तुम गोलकीपर? तुम तो साला क्रेनकीपर है," तो म्हणायचा. "तुमने फुटबॉल देखा किधर है? कलकत्ता का मैदान देखा? नहीं देखा. तो बोलो मत."

"इथं काय आमी कंचे खेळून राहिलो का?"

"ये खेल है. वो फुटबॉल है. फरक है ना, बाबा."

घोषाल हावड्याकडचा. त्याचा बाप ज्या ज्यूट मिलमध्ये होता तिला टाळं लागलं, म्हणून पोरगा भिलाईला आला. "हमारे उधर अब तीन ही चीज चालू है," तो चहाचा कप फिरवत सांगायचा, "गाना, जुलूस और फुटबॉल. कारखाना सब बंद. लेकिन जिस दिन बड़ा मैच रहता, उस दिन कोई बोलेगा नहीं कि हम गरीब आदमी है. हम लोग जीता तो घर में चिंगड़ी, मतलब झींगा, वो लोग जीता तो इलिश, मतलब हिलसा. बाजार में मछली का भाव से मालूम पड़ता कौन जीता."

हिरवा-किरमिजी हा घोषालचा क्लब. लाल-पिवळा दुसरा. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून जानरावला त्या दोन रंगांच्या खेळाडूंची नावं, कोणाचा कुठला गुडघा कधी मोडला, सगळं पाठ झालं होतं. मैदान तेवढं पाहायचं राहिलं होतं. आता त्याचेही गुडघे कुरकुरायला लागले होते. मोठी मॅच एकदा या डोळ्यांनी पाहायची, मग गोल सोडला तरी चालेल, असं त्यानं मनाशी धरलं.

अठ्ठ्याहत्तर साली त्याची एल.टी.सी., म्हणजे घरच्यांसकट फिरायला प्लांटकडून मिळणारं गाडीभाडं, आली. घरात आता तो, बायको शेवंता आणि सासू गिरजाबाई. पोरगी लग्न होऊन गोंदियाला गेलेली. फुटबॉल म्हटलं की शेवंताला फाटलेल्या विजारी आणि हळदीचे लेप आठवायचे. म्हणून जानरावनं फुटबॉलचं नावच काढलं नाही. तिघांना तीन गाजरं दाखवली. शेवंताला म्हणाला, तुझा भाऊ गुलाबराव कलकत्त्याजवळ रेल्वेत आहे, संत्रागाछीला, त्याच्याकडं एकदा तरी जायला नको का? गिरजाबाईला म्हणाला, कलकत्त्याच्या जादूघरात, म्हणजे म्युझियममध्ये, भगवान बुद्धाच्या जुन्या मूर्ती आहेत, हजारो वर्षांच्या. आणि सेक्टरच्या विहारातल्या गायन मंडळाला म्हणाला, तुमच्या पेटीचा भाता फाटला आहे, कलकत्त्यासारखी पेटी देशात बनत नाही, मी आणतो.

सगळे खूश झाले. शेवंतानं लाडू बांधले. गिरजाबाईनं पांढरं पातळ नीळ घालून धुतलं. मंडळवाले दुर्ग स्टेशनवर पोचवायला आले, जयभीम झाला, गाडी हलली. जानराव खिडकीत बसून मनातल्या मनात हसत होता. एका तिकिटात सगळ्यांना गुंडाळलं असं त्याला वाटत होतं. गुंडाळलं होतं खरं, पण दोरीचं टोक कोणाच्या हातात आहे हे त्यानं पाहिलं नव्हतं.

गुलाबरावचा क्वार्टर रेल्वेच्या वसाहतीत शेवटच्या रांगेत होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून जागा ऐसपैस. मागे एका बंद मिलची भिंत. पहिल्या पहाटे जानराव दचकून उठला आणि अंथरुणात बसून राहिला.

"का झालं जी?" शेवंतानं विचारलं.

"भोंगा नाही वाजला."

आतून गुलाबराव हसला. "भाऊजी, इथं कायचा भोंगा? मिलले टाळं लागून किती वर्सं झाले. मी आलो तवापासून बंदच हाये."

मिलच्या धुराड्यातून पिंपळ उगवला होता. फाटकाशी जुने कामगार रोज येऊन बसायचे. कामाला नव्हे, सवयीनं. लाल अक्षरांनी रंगवलेल्या भिंतीखाली बसून ते कॅरम खेळायचे आणि वाद घालायचे. दिवेलागणीला मात्र त्या गल्लीचं रूपच पालटायचं. ज्या घरात सकाळी चूल पेटली की नाही शंका यावी, त्याच घराच्या खिडकीतून एखादी पोरगी पेटीवर सूर धरायची. एका खिडकीतून एक गाणं, दुसऱ्या खिडकीतून दुसरं. आणि वर तारांवर पताका, अर्ध्या गल्लीत हिरव्या-किरमिजी, अर्ध्या गल्लीत लाल-पिवळ्या. दुकानदार जानरावला नाव विचारायच्या आधी विचारायचा, कोणत्या क्लबचा? जानरावचा ऊर भरून यायचा. घोषाल थापा मारत नव्हता तर.

मोठी मॅच त्यांच्या परतीच्या दिवशी होती; दुपारी मॅच, रात्री गाडी. जानरावनं गुलाबरावला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं.

"तिकीट पाहिजे. एकच."

"मिळून जाईन ना भाऊजी. आमच्या हापिसात एक मुखर्जीबाबू हाये, त्याचं भल्लं वजन हाये क्लबात."

"नक्की?"

"कायले घाबरता? बहिणीचे मालक तुमी. तुमाले नाही त कोणाले देईन?"

दुसऱ्या दिवशी मुखर्जीबाबू रजेवर होता. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. नंतर तो म्हणे जुलुसात गेला. गुलाबराव सहा वर्षं त्या शहरात राहून एकदाही मैदानाकडं फिरकला नव्हता. त्याला पत्त्यांचा नाद. "बॉलच्या मांगं पळून काय भेटते बाप्पा," असं म्हणून तो जांभई द्यायचा.

इकडं पेटीचं वेगळंच लचांड. चितपूरकडच्या गल्लीत एक म्हातारा कारागीर गाठला. त्याच्याकडं पेटी तयार होती, सागाची, देखणी. जानराव म्हणाला बांधा. म्हातारा म्हणाला नाही.

"सूर अभी कच्चा है. कल आइए."

"आमच्या मंडळाले चालते जी. चलेगा, चलेगा."

"आपको चलेगा, हमको नहीं चलेगा."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पुन्हा सुराची एक पितळी पट्टी काढली, कानाशी नेली, कानशीनं हलकेच घासली, डोळे मिटले आणि मान हलवली. कच्चा. ट्राममधून घामाघूम होऊन यायचं आणि म्हाताऱ्याची मान हलताना पाहून परत जायचं. पेटी मिळणार शेवटच्या दिवशी सकाळी. जादूघराचंही तेच. एक दिवस ते बंद, एक दिवस पाणी तुंबलं, एक दिवस गिरजाबाईचा पाय मुरगळला. जे जे ज्याला ज्याला कबूल केलं होतं, ते सगळं सरकत सरकत त्याच एका दिवसावर येऊन बसलं. चारी बाजूंचे रूळ एकाच सांध्यावर यावेत तसं.

शेवटच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं मान होकारार्थी हलवली. पेटी खोक्यात बांधून मिळाली. सोबत ट्रंक, होल्डॉल, सुरई आणि लाडवांचा रिकामा डबा.

"सामान टेशनावर ठेवून देऊ, क्लोकरूममधी," जानराव म्हणाला.

"अन् पेटी?" शेवंता म्हणाली. "हमालानं आदळली त मंडळाले का तोंड दाखवू? एवढ्या भरोशानं देल्लं त्यायनं."

गुलाबरावनं तोड काढली. "सोपं हाये भाऊजी. मुखर्जीबाबू आज गिराउंडावरच भेटणार हाये, तिकीट घेऊन. तुमी सारे जादूघरापाशी थांबा. माय अन् बाई मूर्त्या पायतीन, तुमी सामानापाशी बसा. मी तिकीट घेतो अन् वापस येतो, दोनच्या आत. मंग मी बसतो सामानापाशी, तुमी जा मॅचले. मॅच झाली का सारे मिळून टेशन."

"दोनच्या आत?"

"आत म्हंजे आत."

जानरावनं गुलाबरावच्या हसऱ्या तोंडाकडं पाहिलं. हसणं ओळखीचं वाटलं त्याला, केवलरामसारखं. पण दुसरा इलाज नव्हता.

जादूघराच्या समोरच्या फूटपाथवर एका झाडाखाली सामान मांडून तो ट्रंकेवर बसला. मायलेकी आत गेल्या. रस्त्याच्या पलीकडं मैदान पसरलं होतं, हिरवं, अफाट, आणि त्याच्या पार टोकाला, झाडांच्या मागं, क्लबांची ग्राउंडं. आधी दोघं-चौघं दिसू लागले. मग घोळके. मग ट्रका. टपावर बसलेली पोरं झेंडे फडकवत होती, ढोल बडवत होती, एकमेकांच्या क्लबच्या नावानं बोंबलत होती. म्हातारे धोतराचा सोगा खिशात घालून पळत होते. घोड्यांवरचे पोलीस गेले. जानरावचे हात मांडीवर आपोआप उघडझाप करायला लागले.

दोन वाजले. गुलाबराव नाही.

फूटपाथवर एक माणूस पुठ्ठ्याच्या लांबट नळ्या विकत होता. वर एक आरसा, खाली एक आरसा. एक जानरावच्या पुढं धरून म्हणाला, "लीजिए दादा. टिकट नहीं है तो क्या हुआ? बाहर टीले पर खड़ा हो जाइए, इसमें आँख लगाइए, पूरा ग्राउंड दिखेगा. आधा कलकत्ता ऐसे ही देखता है."

जानरावनं नळी हातात घेतली, डोळ्याला लावली. झाडांचे शेंडे एकदम जवळ आले. त्यानं ती परत दिली.

"मेरा आदमी आने वाला है."

"मैच उसके लिए थोड़े रुकेगा!"

"आ जाएगा."

नळ्यावाला हसला आणि गर्दीबरोबर निघून गेला. रस्ता हळूहळू रिकामा व्हायला लागला. ते सगळ्यांत वाईट होतं. गर्दी होती तोवर वाटत होतं अजून वेळ आहे. आता एखाददुसरा मागं राहिलेला चप्पल हातात घेऊन धावत जायचा, तेवढंच.

तेवढ्यात शेवंता बाहेर आली. "माय हालतच नाही तिथून. मूर्तीपुढं बसली हाये. म्हणते, मले जरा राहू द्या." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "गुलाब नाही आला?"

"नाही."

"मंग जा ना तुमी. मी हाओ ना इथं."

"तिकीट त्याच्यापाशी हाये."

"तो नळ्यावाला का म्हणत होता मंगानी? मी आयकलं दरवाज्यातून. बाहीरून दिसते म्हणे. जा."

जानराव उठला. खरंच उठला. दोन पावलं रस्त्याच्या कडेपर्यंत गेला. मग थांबला.

"अन् तो आला त? दोनच्या आत म्हणाला तो. तिकीट घेऊन आला अन् मी जाग्यावर सापडलो नाही त?"

"त मी सांगीन त्याले."

"नाही, नाही. बदली माणूस आल्याबिगर..."

"आहो!" शेवंताचा आवाज चढला. "हे का तुमचं क्रेन हाये? खाली का लाल लोखंड धावून राहिलं? तीन डाग सामान हाये अन् एक सुरई. मी पाहून घेईन म्हणते ना!"

तिचं म्हणणं त्याच्या डोक्याला पटलं. पायांना पटेना. वीस वर्षं ज्या पायांना शिकवलं होतं की वर माणूस चढल्याशिवाय शिडीवर उतरायचं नाही, ते पाय फूटपाथच्या कडेला खिळले. येईल आता, त्या वळणावर दिसेल आता. हा कोण? नाही. तो छत्रीवाला? नाही. येतोच आहे.

"बसा मंग," शेवंता म्हणाली. "बसा आपलं लोखंड धरून." आणि ती मायला पाहायला पुन्हा आत गेली.

तो परत ट्रंकेवर बसला. आणि मग आवाज आला. झाडांच्या मागून, मैदान ओलांडून, आधी गुरगुर, मग एकदम भट्टीचं तोंड फोडल्यासारखा. कावळे उडाले. जानराव ताडकन उभा राहिला आणि त्याचे दोन्ही हात हवेत गेले, लांबच्या लांब, झेलायला. गोल झाला होता. कोणी केला, कोणावर, कसा, काही नाही. नुसता आवाज. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं घाबरून पोराला जवळ ओढलं. जानरावनं हात खाली घेतले आणि ट्रंकेला एक लाथ घातली. कुरकुरणाऱ्या गुडघ्यातून कळ थेट कंबरेत गेली.

गिरजाबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा शांत होता. "कसा बसला हाये माय," ती म्हणाली, "डोळे मिटून. कायची घाई नाही, कायची चिंता नाही. जवाई, तुमी पायजे होते आत." मग निरखून म्हणाली, "तुमी कावून असे घामेघूम झाले?"

जानरावनं सुरई तोंडाला लावली. बोलला असता तर भगवंताला ऐकू गेलं असतं.

ऊन उतरलं. मैदानाच्या टोकाकडून माणसांचा लोंढा उलटा वाहू लागला. अर्धे नाचत होते, अर्धे चपला फरफटत होते. आणि त्या लोंढ्यातून, शर्टाची एक बाही फाटलेला, केस उभे, घामानं निथळणारा गुलाबराव आला. त्याच्या हातात सुतळीला बांधलेली चकचकीत मासळी लोंबत होती. हिलसा.

जानरावला निकाल कळला. लाल-पिवळे जिंकले.

"भाऊजी!" गुलाबराव लांबूनच ओरडला. "का मॅच झाली बाप्पा! मी त पायलंच नव्हतं असं कधी!"

शेवंतानं कपाळावर हात मारून घेतला.

"तू आत गेला होता?" जानरावनं विचारलं. आवाज एवढा हळू होता की गुलाबराव चपापला.

"मी कायले जातो? मुखर्जीबाबूनं तिकीट देल्लं, मी पलटलो, त मांगून ही गर्दी! घोडे आले, मानसं पळाले, मले उचललंच त्यायनं. पाय जमिनीले नाही, भाऊजी, सांगतो! डोळे उघडले त मी आत. मंग दरवाजा बंद. मी का करू?"

"अन् हे?" जानरावनं मासळीकडं बोट केलं.

"सारे घेऊन राहिले होते, म्हून मीबी घेतली. स्वस्त नाही हो आज!"

हावड्याच्या बसमध्ये, पूल आला तेव्हा, जानरावला राहवेना.

"गोल कोणी केला?"

"थो... एक उंच होता. का बुटका होता? लाल बनेनवाला."

"कोणत्या पायानं?"

"पायानंच केला असन. मले पुढच्याचं डोस्कं दिसत होतं."

"अन् गोलकीपर? गोलकीपर कसा होता?"

"थो हात लावणारा? थो त उभाच होता बाप्पा सारा वेळ. त्याले का काम? एकडाव उडी मारली त्यानं, बॉल गेला बाजूनं. मंग लोकायनं अशा शिव्या देल्ल्या का आमच्या यार्डातबी नाही भेटत."

"उडी कोणत्या बाजूले मारली?"

"आता हे मी कायले पाहू!"

"उजवीकडं का डावीकडं? आठव ना बे, एवढं त आठव!"

बसमधले लोक पाहायला लागले. गिरजाबाई म्हणाली, "जवाई, शांत राहा." शेवंतानं भावाच्या हातातली मासळी काढून घेतली आणि सीटखाली, दिसणार नाही अशी ठेवली.

गाडी सुटताना गुलाबराव फलाटावरून बरोबर धावत होता. जानराव खिडकीच्या गजांना धरून ओरडला, "उजवीकडं का डावीकडं?" गुलाबरावनं धावता धावता विचार केला. "डावीकडं!" तो म्हणाला. मग गाडीनं वेग घेतला तसा लांबून ओरडला, "का उजवीकडं हो... मी त दुसऱ्या बाजूनं पाहून राहिलो होतो ना!"

भिलाईत पेटीचं कौतुक झालं. पहिल्याच रात्री विहारात कार्यक्रम ठेवला. गाणारा म्हणाला असा सूर जन्मात धरला नव्हता, आणि खरंच, त्या म्हाताऱ्या कारागिराचं म्हणणं खोटं नव्हतं. सूर पिकलेला होता. गिरजाबाई बायकांना मूर्ती कशी आहे ते बसून दाखवत होती. शेवंताला भावाकडचे किस्से सांगून पुरत नव्हते. सगळ्यांना सगळं मिळालं होतं. मंडळाच्या अध्यक्षानं जानरावला पुढं बोलावून हार घातला, "आमच्यासाठी एवढी पेटी उचलून आणली," म्हणाला. जानरावनं हार काढून पेटीवर ठेवला आणि बाहेर येऊन उभा राहिला. समोर अंधारात मैदानावरचे दोन पाइप तेवढे पुसट दिसत होते.

कामावर परतला त्या दिवशी तो वर केबिनमध्ये बसला न बसला तोच खालून घोषालनं दोन्ही हात हलवले. मग एक पाय उडवून हवेत लाथ मारली आणि तळवा उलटा केला. कशी झाली? जानरावनं पाहिलं न पाहिलंसं केलं. घोषालनं पुन्हा पाय उडवला. जानरावनं हुक एवढ्या जोरात खाली सोडला की घोषाल शिवी देत बाजूला झाला.

रोलर बदलायला मिल थांबली तेव्हा कँटीनमध्ये मात्र सुटका नव्हती. घोषाल चहा घेऊन समोर बसला, आजूबाजूला रेल मिलची सगळी टोळी, तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी. निकाल त्याला पेपरातून कधीच कळला होता, हरल्याचं दुःखही करून झालं होतं. आता त्याला बाकीचं हवं होतं.

"बोलो. एकदम शुरू से बोलो. गोल कैसे खाया हम लोग? कीपर का गलती था? तुम कीपर है, तुम देखा होगा."

जानरावनं कप खाली ठेवला. बसमध्ये गोळा केलेलं गुलाबरावचं उष्टं त्याच्या जिभेवर आलं होतं. उंच का बुटका, उजवा का डावा. त्यातून मॅच रचता आली असती. एवढी वर्षं ऐकली होती त्यानं.

"नहीं देखा," तो म्हणाला.

"क्या मतलब नहीं देखा? कलकत्ता गया, बड़ा मैच के दिन उधर था, और नहीं देखा?"

"रिलीव्हर नहीं आया."

घोषालचं तोंड टोमण्यासाठी उघडलं होतं. ते तसंच राहिलं. टेबलाशी कोणी हसलं नाही. कुठं, कसला, कोणाच्या जागी, कोणी विचारलं नाही. पंजाबी मिस्त्रीनं फक्त मान हलवून एक लांब "हाय" केलं.

"कौन था?" घोषालनं विचारलं.

"साळा."

"सगा वाला?"

"सगा."

"तो मार भी नहीं सकते," घोषाल म्हणाला, आणि आपल्या बशीतला समोसा त्यानं जानरावपुढं सरकवला.

दुपारी भोंगा झाला. खाली घोषालची बदली आली. त्यानं हातमोजे काढून नव्या माणसाला दिले, वर पाहिलं आणि शिडीकडं बोट केलं. उतर. जानरावनं शेडच्या दाराकडं पाहिलं. उन्हाचा चौकोन जमिनीवर होता तिथंच होता. त्यात सायकल नाही, केवलराम नाही. साखळी तुटली असेल, गाय व्याली असेल, मामाचा मुलगा भेटला असेल.

त्यानं काचेतून तळवा आडवा दाखवला. थांब. घोषाल थोडा वेळ मान वर करून उभा राहिला, मग हात झटकून निघून गेला.

"ये लेका केवलराम," जानराव स्वतःशीच म्हणाला, "ये आज वर. आज तुले सोडतच नाही मी." मग भानावर नसल्यासारखा तो खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडं कलला, लांब हात पसरून. नंतर उजवीकडं. डावीकडून बॉल सुटला असता. उजवीकडून कदाचित बोटं लागली असती. कोणत्या बाजूला मारली असेल त्यानं उडी?

खाली नव्या माणसानं अंगठा वर केला. जानरावनं दोन्ही मुठी धरल्या आणि उचललं.